पाकिटातील पहिली प्रतिमा

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरत्या वर्षाचा जमाखर्च, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती दिलेल्या छापील पुस्तिकेत आहे. दरवर्षी आम्ही त्यातील ठळक आकडे वाचून दाखवितो. यंदा मात्र ते काम आपल्यावर सोपवून एका लहानशा विषयावर बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडून घेतली आहे. विषय असा की, लहान मुलाच्या डोक्याचा सीटी स्कॅन करताना सर्वांत आधी जी एक प्राथमिक प्रतिमा घेतली जाते, ती पाहण्याची जबाबदारी कोणाची?

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावण्या आणि पावतीपुस्तकांत गेले. वैद्यकीय विषयावर आम्ही बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. म्हणून या निवेदनातील वैद्यकीय भाग आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून घेतला आहे. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच हिशेबाचा आहे, अशी आमची धारणा झाली आहे. ती का झाली, हे एका प्रसंगावरून सांगतो.

संत्र्याच्या तोडणीचे दिवस होते. बागेत कामाला आलेल्या एका कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा भरलेल्या कॅरेटच्या थप्पीवरून खाली पडला. डोक्याला टेंगूळ आले, थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या. सायंकाळी त्याला आपल्या रुग्णालयात आणले. डोक्याला मार आणि त्यानंतर उलट्या म्हटल्यावर मेंदूतील रक्तस्रावाची शंका घेणे योग्यच होते. आपल्याकडे क्ष-किरण यंत्र आहे, सोनोग्राफी आहे. सीटी यंत्र नाही. म्हणून मुलाला रुग्णवाहिकेने अमरावतीला पाठविले. तपासणीचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून झाला. रात्री उशिरा मूल, आईवडील आणि फिल्मचे मोठे पाकीट परत आले. अहवालात लिहिले होते की मेंदूत रक्तस्राव नाही, सूज नाही, कवटीला भेग नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलाला रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडले. अजून एखादी उलटी होत होती, तोंडातून लाळ गळत होती. परंतु मार लागल्यावर असे दोन दिवस चालते, अशी समजूत आम्ही घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माउली मुलाला कडेवर घेऊन परत आली. “सायेब, लेकरू पानी बी नाही गियून राह्यलं,” एवढेच ती म्हणाली. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिच्याजवळचे पाकीट मागून घेतले आणि फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. पहिल्या फिल्मच्या कोपऱ्यात एक छोटी प्रतिमा असते. मुलाचे डोके, चेहरा आणि मान बाजूने दिसते, आणि यंत्राने कोठे कोठे काप घेतले ते दाखविणाऱ्या बारीक रेघा डोक्यावर आखलेल्या असतात. त्या रेघांपासून बरीच खाली, गळ्याच्या तळाशी, श्वासनलिकेच्या मागे आणखी एक लहान, उभी, पांढरीशुभ्र रेघ होती. घाईत पाहणाऱ्याला तीही यंत्रानेच आखलेली वाटावी अशी.

लगेच आपल्याच क्ष-किरण कक्षात मान व छातीचा समोरून फोटो घेतला. बाजूने रेघ दिसणारी ती वस्तू समोरून वाटोळी दिसली. अन्ननलिकेत नाणे अडकले होते. आजीने खाऊसाठी दिलेला रुपया मुलाने तोंडात धरला होता आणि पडताना तो गिळला गेला. आईला हे ठाऊक नव्हते, मुलाला सांगता आले नाही. त्याच दिवशी अमरावतीला भूल देऊन दुर्बिणीने नाणे काढले. मूल बरे झाले. आता ते बालवाडीत जाते.

हा प्रसंग गोड शेवटाचा आहे म्हणून आम्ही तो सांगत नाही. नाण्याऐवजी घड्याळातील किंवा खेळण्यातील बटन सेल असता तर? असा सेल अन्ननलिकेत अडकला की दोन तासांतही आतील आवरण भाजू लागते. पुढे अन्ननलिकेला छिद्र पडून जीवावर बेतते. आपल्या मुलाने दोन रात्री काढल्या होत्या. आणि त्या दोन्ही रात्री त्याच्या दुखण्याचे उत्तर पाकिटात होते.

आपल्यापैकी अनेकांनी सीटीची फिल्म हाताळली असेल, परंतु ही प्राथमिक प्रतिमा म्हणजे काय ते सहसा कोणी सांगत नाही. सीटी यंत्राचा शोध लावणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते, अभियंता होते. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत ते नोकरीला होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचे पहिले चित्र त्यांच्या यंत्राने घेतले. १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पहिल्या यंत्रात प्राथमिक प्रतिमेची सोय नव्हती. ती पुढच्या यंत्रांत आली. सीटीमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते आणि संगणक शरीराचे आडवे काप रचून दाखवितो. त्याआधी काही सेकंद नळी स्थिर ठेवून फक्त टेबल पुढे सरकविले जाते. त्यातून साध्या क्ष-किरण फोटोसारखे जे चित्र उमटते तीच ही प्राथमिक प्रतिमा. कोणी तिला स्काउट म्हणतात, कोणी टोपोग्राम. तपासणी कोठून सुरू करायची आणि कोठे थांबवायची हे तंत्रज्ञ तिच्यावरूनच ठरवितो. आधुनिक यंत्रे पुढच्या कापांसाठी किरणांची मात्रा किती ठेवायची याचा अंदाजही तिच्यावरूनच बांधतात. मुलाचे डोके मध्यभागी नसेल तर हा अंदाज चुकतो आणि मात्रा अकारण वाढू शकते. आमच्या भाषेत सांगायचे तर ही प्रतिमा म्हणजे कामाचे अंदाजपत्रक.

अंदाजपत्रक एकदा मंजूर झाले की ते फायलीत जाते. या प्रतिमेचेही तसेच होते. क्ष-किरणतज्ज्ञांसमोर पडद्यावर शेकडो काप येतात. रात्रीची वेळ असते, दहा रुग्णांचे अहवाल खोळंबलेले असतात. प्राथमिक प्रतिमा ही केवळ मोजमापाची खूण, निदानाची नव्हे, असे मानणारा मोठा वर्ग होता व आहे. दुसऱ्या गावी बसलेल्या तज्ज्ञाकडे संगणकाद्वारे काप पाठविले जातात, तेव्हा काही वेळा ती पाठविलीच जात नाही. यात कोणाचा हेतू वाईट नसतो.

तरीही ती पाहिली पाहिजे, कारण काप जेथे संपतात त्याच्या पलीकडचा भाग तिच्यात असतो. डोक्याचे काप कवटीच्या तळाशी थांबतात. प्राथमिक प्रतिमेत मात्र जबडा, दात, नाकामागची वाढलेली गाठ, श्वासमार्ग आणि मानेचे मणके येतात. डोक्यावर पडलेल्या मुलाची मानही दुखावलेली असू शकते. ज्या मुलांच्या मेंदूतील पाणी पोटात सोडण्यासाठी नळी बसविलेली असते, त्यांच्या नळीचा मानेतील भाग तुटला किंवा सुटला असेल तर त्याचा सुगावा येथे लागू शकतो. कवटीची भेग आडव्या कापाला समांतर गेली असेल तर ती दोन कापांच्या मध्ये हरवते आणि बाजूच्या प्रतिमेत एका दृष्टिक्षेपात दिसते. अलीकडच्या यंत्रांत अतिशय पातळ काप घेऊन उभ्या पातळीतील व त्रिमितीय चित्रेही करता येतात, त्यामुळे ही उणीव पुष्कळ कमी झाली आहे. परंतु सगळीकडे ती करून घेतली जातातच असे नाही. आपल्या भागापुरता आणखी एक मुद्दा आहे. मेळघाटासह विदर्भात अनेक ठिकाणी सिकलसेलचा आजार आढळतो. अशा दीर्घकाळच्या रक्ताच्या आजारांत, विशेषतः थॅलेसेमियात, कवटीचे हाड जाड झालेले दिसू शकते. डोक्याच्या माराकरिता घेतलेली प्रतिमा रक्ततपासणीची आठवण करून देऊ शकते.

आता हिशेबाचा मुद्दा. सीटीचे मोल केवळ पैशात चुकते होत नाही. मूल ते आपल्या शरीराने, किरणांच्या मात्रेने चुकविते. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील बालपणी सीटी झालेल्या व्यक्तींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, १० वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी केला तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा सुमारे १ आणि मेंदूच्या गाठीचा सुमारे १ जादा रुग्ण संभवतो. धोका फार लहान आहे. ज्या मुलाला तपासणीची खरी गरज आहे त्याने ती कदापि टाळू नये. परंतु धोका शून्य नाही. म्हणूनच २००८ साली अमेरिकेतून ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. मुलांच्या तपासणीत किरण कमीत कमी वापरा, एवढेच तिचे सांगणे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील ४२,४१२ मुलांच्या अभ्यासाने डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाला सीटीची गरज नाही हे ओळखण्याच्या काही साध्या कसोट्या दिल्या. शुद्ध हरपली का, उलट्या झाल्या का, वागणे बदलले का, किती उंचीवरून पडले, अशा त्या कसोट्या आहेत. आपले डॉक्टर त्या वापरतात. म्हणून एखाद्या नातेवाइकाच्या आग्रहाला ते “सीटी नको, काही तास मुलाला नजरेखाली ठेवू,” असे उत्तर देतात तेव्हा त्यात पैशाची काटकसर नसते, मुलाच्या शरीराची काटकसर असते.

आता पाहा. ज्या मुलाची तपासणी झाली, त्याने किंमत मोजली. प्राथमिक प्रतिमेचा त्यातील वाटा अगदी अल्प असतो, परंतु तोही त्याने मोजला. मोजलेल्या किमतीतून जे मिळाले त्यातील एक चित्र कोणीच पाहिले नाही, तर त्या खर्चाची पावती फाटली असे आम्ही समजतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ अअ कलमान्वये आपण १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखतो. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतो आणि त्यातील प्रत्येक रुपयाचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला देतो. आपण दिलेल्या देणगीचा एक रुपया कोठे गेला हे आम्ही सांगू शकलो नाही, तर आपण आम्हास खुर्चीवर राहू देणार नाही. मग ज्या मुलाने आपल्या शरीराने भरणा केला, त्याला हिशेब कोणी द्यायचा?

झालेल्या प्रसंगाची आम्ही अंतर्गत चौकशी केली. तपासणी बाहेर झाली होती, अहवाल बाहेरून आला होता. दोष तिकडे ढकलणे सोपे होते. परंतु पाकीट आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी अहवाल वाचला, परिचारिकेने नोंद केली, आमच्या कार्यालयाने पाकिटावर क्रमांक टाकला. फिल्म कोणीही उजेडासमोर धरली नाही. कागद वाचला आणि चित्र राहिले. ही चूक आमची होती. मुलाच्या आईवडिलांना बोलावून आम्ही ती त्यांच्यापाशी कबूल केली आणि आज या सभेपुढे करीत आहोत.

त्यानंतर काही नियम केले, ते सांगतो. बाहेरून आलेल्या मुलाच्या प्रत्येक सीटीची प्राथमिक प्रतिमा त्या वेळी कामावर असलेले डॉक्टर स्वतः पाहतील. त्यासाठी केसपेपरवर एक शिक्का मारला जातो: ‘प्राथमिक प्रतिमा पाहिली’, खाली सही व वेळ. सही नसेल तर केसपेपर कार्यालयात स्वीकारला जात नाही, आणि सुटीचा कागद निघत नाही. तपासणीला पाठविताना चिठ्ठीवर आम्ही लिहितो की सर्व प्रतिमा, प्राथमिक प्रतिमेसह, सीडीवर द्याव्यात आणि अहवालात तिचा एका ओळीत उल्लेख करावा. ज्या केंद्रांकडे आपण रुग्ण पाठवितो, तेथील तज्ज्ञांनी हे आनंदाने मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. डॉक्टरांना काही शंका वाटल्यास ते क्ष-किरणतज्ज्ञांना दूरध्वनी करतात आणि तज्ज्ञ आवश्यक तर पुरवणी अहवाल देतात. या सगळ्याला नवीन खर्च आला तो एका रबरी शिक्क्याचा.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्राथमिक प्रतिमा अंधुक असते. तिच्यात काही दिसले नाही म्हणून मान सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. शंका असेल तर वेगळी तपासणी करावीच लागते. उलट, जे दिसते ते सर्व रोग नसते. लहान मुलांच्या कवटीचे सांधे पूर्ण जुळलेले नसतात, ते भेगेसारखे भासतात. एकदा आमच्या डॉक्टरांना एका मुलीच्या मानेवर संशयास्पद सावली दिसली. आईवडिलांचा जीव टांगणीला लागला. शेवटी ती वेणीतली पिन निघाली. म्हणून अंतिम शब्द तज्ज्ञांचाच. आणि अधिक पाहता यावे म्हणून प्रतिमा छातीपर्यंत लांबविणे हेही चुकीचे; गरजेपुरतेच किरण हा नियम तिलाही लागू आहे. बहुतेक वेळा या प्रतिमेत काहीच आढळत नाही. शिक्का मारून, सही करून कागद पुढे जातो. आमच्या लेखी तेही काम फुकट गेलेले नाही.

आपल्यातील काही उदार देणगीदारांनी विचारले आहे की, रुग्णालयाने स्वतःचे सीटी यंत्र का घेऊ नये? या भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु यंत्र घेणे म्हणजे फक्त किंमत भरणे नव्हे. अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता व परवाना हवा, किरणांना अडविणाऱ्या भिंतींची खोली हवी, प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा आणि रात्री-अपरात्री चित्र वाचणारा तज्ज्ञ हवा. वाचणारा नसेल तर यंत्र चित्रे काढीत राहील आणि पाकिटे भरत राहतील. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची शिफारस अशी आहे की, या वर्षीच्या विशेष देणग्यांतून आधी क्ष-किरणतज्ज्ञांशी दिवसरात्र संपर्काची व्यवस्था, प्रतिमा नीट पाहता येईल असा पडदा आणि आपल्या डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण करावे. यंत्राचा विचार त्यानंतर. निर्णय अर्थातच मंडळाचा.

रुग्णांच्या नातेवाइकांना चार विनंत्या. मुलाला तपासणीला नेताना केसातील पिना, कानातील डूल, गळ्यातील ताईत काढून ठेवा. पडण्याच्या वेळी मुलाच्या तोंडात काही होते का, हातातले नाणे किंवा खेळण्यातला सेल हरवला आहे का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. क्षुल्लक वाटले तरी सांगा. अहवालाबरोबर सर्व फिल्म आणि सीडी मागून घ्या, त्या घडी न घालता जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक भेटीला आणा; जुनी तपासणी हाती असली की नवी टाळता येते. आणि अहवाल ‘नॉर्मल’ असूनही मूल खात-पीत नसेल, लाळ गळत असेल, मान धरीत असेल, तर संकोच न करता परत या. त्या मातेने संकोच केला असता तर आज आम्ही हे भाषण या स्वरात करू शकलो नसतो. अहवालापेक्षा तिने आपल्या लेकरावर अधिक लक्ष ठेवले होते.

याच चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या त्या सत्पुरुषाने विपुल ग्रंथरचना केली. डोळे असूनही पाहावयाचे राहून जाते, याची खंत त्यांच्या भूमीत राहणाऱ्या आम्हांला विशेष वाटावी हे स्वाभाविक आहे.

  पुढील वर्षीही जमाखर्च आपल्यापुढे ठेवू, आणि त्यासोबत मुलांच्या सीटीच्या केसपेपरवरील शिक्के व सह्या तपासून त्यांचाही अहवाल देऊ. एखादी सही राहिली असेल तर तेही सांगू.